तिसरी फणी

सावद्याच्या शिवारात रात्रीचे पावणेदोन.
बाहेर पत्रा अजून हात लावू देत नाही,
आत, रबरी दारांपलीकडे, सतरा अंशांत केळी पिकतायत.
मी या दोन्हींच्या मधल्या खोलीत,
उलट्या क्रेटवर,
मांडीवर लॅपटॉप, गळ्यात चपटी निळी केबल.

रॅकमध्ये चार स्विच, एकावर एक.
पाठीमागून जाड केबलींनी असे जखडलेले
की जगाला चौघांचं मिळून एकच नाव, एकच पत्ता.
एका दांड्यावरच्या चार फण्या,
कोटेशन देताना भरंबेशेठना मी असंच सांगितलं होतं.
"मग तिसरीच कच्ची कशी राहिली?"
त्यांनी विचारलं, आणि दहा टक्के कमी केले.

तिसरा मागच्या वैशाखात वीज पडून गेला.
बदली आला तो खोक्यातून कोरा करकरीत,
पण आतलं सॉफ्टवेअर तीन वर्षांपूर्वीचं.
घडात बसला, दिवे लावले,
बाकीच्यांशी बोलेना.
रोज पडद्यावर तीच ओळ:
मेंबर तीन, आवृत्ती जुळत नाही.
त्याच्या वाट्याच्या खोल्या वर्षभर
दुसऱ्यांच्या पोर्टवर, उसनवारीनं.

आज चौघांनाही नवं द्यायचं.
फाइल चढवायला गेलो, तर जागा अपुरी.
जुनं कुणी काढलंच नव्हतं.
कुणी म्हणजे मीच, दोनदा,
तारखा माझ्याच हातच्या निघाल्या.
पुसायला घेतलं. त्यानं विचारलं, नक्की?
मी हो म्हटलं.
मग नव्या फाइलची खूण ताडून पाहिली,
मोजणीवाला बांधावरून चालतो तशी,
बत्तीस अक्षरं, एकेक.

आणि रीलोड.

आता दहा-अकरा मिनिटं
कुठलीच खोली काही सांगणार नाही.
गॅस अडकला, पंखा बसला, पारा चढला,
पडदा गप्पच राहील.
आठ खोल्या. परवाच्या गाडीचा माल.

म्हणून सुपडू तायडे.
रात्रपाळीचा राखणदार, ऐन मे महिन्यात कानटोपी,
कारण त्याचा जन्म या दारातून त्या दारात.
त्याच्या हाती काचेचं थर्मामीटर आणि टॉर्च दिला.
"मले त्या पेट्यातलं काही समजत नाही," म्हणाला,
"पन कोन्या खोलीत काय चालू हाये,
ते दारातूनच वासानं सांगतो तुमाले."

"एक नंबर, सतरा!"
"दोन, सतराच्या जरासं वर!"
मी वीजबिलाच्या पाठीवर लिहीत गेलो.
"तीनले वास धरला, उद्याच काढा म्हना!"
हे कुठल्या रकान्यात लिहायचं कळेना,
समासात लिहिलं.

इकडे चारही दिवे नारिंगी.
पंखे गिरणीसारखे घुमले, मग शांत.
पहिला उठला, त्यानं म्होरकेपण घेतलं.
दुसरा हिरवा. चौथा हिरवा.
तिसरा लुकलुकतोय.
सात मिनिटं. आठ.
तेव्हा मला आठवलं,
परत फिरायची वाट मघाशीच मी पुसून टाकली.
एक प्रत आहे पेनड्राइव्हवर,
पेनड्राइव्ह भुसावळला,
जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी.

नऊ.
कपाळावरचा घाम थेट कीबोर्डात.
"पाच नंबर, साडेसतरा! ऐकू येते का हो?"
येतंय, मी ओरडलो. येतंय.

केव्हा झाला ते मी पाहिलंच नाही.
मान खाली घालून साडेसतरा लिहिलं, वर पाहिलं,
तर चौथ्याच्या डोक्यावर हिरवा ठिपका,
जणू मघापासून तिथेच होता.
मेंबर तीन, तयार.

पडद्यावर खोल्या एकेक परतू लागल्या,
आकडे स्वतःहून भरले, आठच्या आठ.
सुपडूला सांगायला हवं होतं.

"सहा नंबर," त्याचा आवाज आतून, गारठलेला,
"सोळा अन् वर अर्धा!"

पडदा म्हणत होता सोळा पूर्णांक चार.
मी साडेसोळा लिहिलं
आणि सातची वाट पाहिली.